एकोणतीस थर

देवाच्या दगडावरून गळलेला शेंदराचा तो तुकडा माझ्या करंगळीच्या पेराएवढा होता. जाडी तेवीस मिलिमीटर. वरून नुसता भगवा. पण कड घासून गुळगुळीत केल्यावर भिंगाखाली थर दिसू लागले. एक भगवी रेघ, तिच्यावर केसाहून बारीक करडी रेघ, पुन्हा भगवी. भगवी म्हणजे दरवर्षी दिवाळीतल्या वाघबारशीला देवाला लावलेला तेल-शेंदूर. करडी म्हणजे त्यावर वर्षभर बसलेली धूळ. तळाचे थर विटकरी आणि जड होते, खऱ्या शेंदराचे. वरचे फिके, बाजारी भेसळीचे. अगदी वरच्या दहा-बारा थरांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे होते. अलीकडे वाघबारशीलाही पाऊस पडतो, ओल्या शेंदरावर थेंब पडतात. खालच्या थरांत असा एकही खळगा नव्हता.

मी टाचणीच्या टोकानं मोजत गेले. एकशेवीस.

दुसरा तुकडा त्याच दगडाचा, पण जमिनीत पुरलेल्या भागावरचा. तो मी तीनदा मोजला. तिन्ही वेळा एक्याण्णव.

देवाचा जो भाग जमिनीत असतो त्याला कोणी शेंदूर लावत नाही. लावायचा म्हटला तरी हात पोचत नाही. तिथे एक्याण्णव थर होते, म्हणजे एक्याण्णव वर्षं तो भाग उघड्यावर होता. मग कोणीतरी दगड उपटून दुसऱ्या जागी, अधिक खोल पुरला. त्यानंतर फक्त वरच्या भागाला शेंदूर लागला, एकोणतीस वेळा. मी हे मोजत होते तो फेब्रुवारी २०१४ होता. म्हणजे दगड हलला तो १९८४ ची वाघबारस आणि १९८५ ची वाघबारस यांच्या मधे.

त्या वर्षी आमच्याकडे वनखात्याचा रेंजर कोण होता, ते मला मोजून काढावं लागलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी त्याच माणसासमोर बसून चहा प्यायले होते. कानडेसाहेब निवृत्त झाले होते आणि एका कंपनीचे सल्लागार होते. मृदाशास्त्राच्या प्राध्यापकाकडून त्यांना अहवाल हवा होता, म्हणून कॉलेजनं मला पाठवलं.

"भोयेमॅडम ना? भोये म्हणजे तिकडच्याच का तुम्ही?"

"सासर तिकडचं," मी म्हटलं. माहेरही तिकडचंच होतं. ते त्यांनी विचारलं नाही.

"बोरखडी! माझी पहिली पोस्टिंग. काय लोक होते, मॅडम. भोळे, अगदी लेकरांसारखे. आजही गेलो तर पाय धुवायला तांब्या घेऊन येतील." त्यांनी नकाशा पसरला. नाशिकच्या वायव्येला, गुजरातच्या हद्दीला लागून आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर कणसरीमाळ. माळाभोवती हिरव्या पेनानं गोल केला होता. "कंपनी स्वतःचा धूर मोजते, आणि तेवढा धूर ओढून घेतील इतकी झाडं दुसरीकडे लावते. इथे दोनशे हेक्टर. माळ पडीक आहे एवढं मातीच्या अहवालात आलं की झालं."

"आणि मातीचं म्हणणं वेगळं असलं तर?"

ते मोकळेपणानं हसले. "माती कुठे बोलते, मॅडम? आपण बोलतो."

"खड्डे खणावे लागतील, सर. माळावर, आणि खालच्या हद्दीच्या दगडापाशीही. तसं पत्र द्या. नाहीतर गार्ड मला अडवतील."

त्यांनी तिथल्या तिथे पत्र टाइप करवलं. 'आवश्यक वाटेल तेथे खोदकाम करण्यास हरकत नाही.' खाली लफ्फेदार सही. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. अहवालात मी एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. सुडाला त्याची गरज नव्हती.

तो हद्दीचा दगड म्हणजेच आमचा वाघदेव, हे इथे सांगायला हवं. इंग्रजांचे मोजणीदार आले तेव्हा त्यांनी माळाच्या वरच्या कडेला, कातळावर, एक दगड उभा केला. त्याच्या वरचा डोंगर सरकारचा, खालचं गावाचं. दगडावर त्यांच्या सरकारची खूण कोरली होती: एका टोकाशी जुळणाऱ्या तीन रेघा, बाणासारख्या. आमच्या लोकांनी बाण पाहिला नाही. त्यांना तो वाघाचा पंजा वाटला. एका रात्रीत रानात दगड उभा राहतो आणि त्यावर पंजा असतो, तर तो कोण असणार? पुढच्या वाघबारशीला त्यांनी त्याला शेंदूर फासला, कोंबडा दिला, आणि डोंगर हिरावून घेणाऱ्या दगडालाच गावाची राखण करायला सांगितलं. त्या चुकीबद्दल मी त्यांना हसू शकत नाही. ज्याच्यापुढे काही चालत नाही, त्याला आपलंसं करायची त्यांची तीच रीत होती.

इंग्रजांनी डोंगर घेतला, पण माळ सोडला. माळावर साग नव्हता, नुसतं गवत. त्या गवतावर गावाची गुरं जगत, आणि त्याखालून मुरलेलं पाणी पायथ्याच्या झिऱ्याला येई. नागलीचं पहिलं कणीस माळावर कणसरीला, धान्याच्या देवीला, वाहत.

१९८५ च्या उन्हाळ्यात, मी दहा वर्षांची असताना, देव माळाच्या वरच्या कडेवरून खालच्या कडेला आला. वाघदेवाचं पुजारीपण आमच्या घरात. माझ्या बानेच गावाला सांगितलं, "देव चालत खाली आला. माळावर आपलं काहीतरी चुकलं." गावानं ऐकलं. ज्या जागेवरून देव उठतो, तिथे माणसानं थांबायचं नसतं. गुरं वर नेणं बंद झालं. कणीस वाहणं बंद झालं. मग खात्यानं माळावर निलगिरी लावली, कारण दगड आता खाली होता आणि त्याच्या वरचं सगळं राखीव जंगल होतं. कोणी विरोध केला नाही. देवानं सोडलेल्या जमिनीसाठी कोण भांडणार? झिरा आधी मे महिन्यात आटायचा. मग एप्रिलमध्ये, मग फेब्रुवारीत. पाऊस एकदम येऊन एकदम जाऊ लागला. बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरत आणि म्हणत, देवच गेला तर पाणी कशाला राहील.

त्याच जूनमध्ये बाने मला साठ मैलांवरच्या आश्रमशाळेत टाकलं. सुट्टीत आले तरी चार दिवसांत परत पाठवायचा. त्याला मी नकोशी झाले असं मी धरून चालले होते.

पत्र घेऊन मी बोरखडीला गेले तेव्हा बा सदुसष्ट वर्षांचा होता. दगडाजवळचा खड्डा मीच खणला. तो दहा पावलांवर बसून राहिला. जवळ आली ती पवळीफुई, बाची थोरली बहीण. तिची बोली मी इथे थोडी सोपी करून लिहिते आहे.

"मास्तरीण झालीस, डॉक्टरीण झालीस," ती म्हणाली, "आणि आता घुशीसारखी देवाचे पाय उकरतेस."

"पाय कुठे आहेत तेच बघते, फुई."

"लाजेनं खाली गेला तो. वर होता तेव्हा माझ्या छातीएवढा होता. इथं आला आणि कमरेइतका जमिनीत गेला. बायका म्हणायच्या, रागावला. मी म्हणते, लाजला."

"देव लाजतो?"

"सरकारी देव आहे बाई. त्याला लाज असती तर बरं झालं असतं."

दीड फूट खाली गेले तरी दगडावर भगवा रंगच होता. मी खुरपं ठेवलं. फुई वाकून बघू लागली.

"बा," मी हाक मारली, "कवचाचा तुकडा घेऊ का?"

"गळलेला घे," तो लांबूनच म्हणाला. "उपटू नको." मग थोड्या वेळानं, "खालचाही घे."

खालीही काही आहे, हे मी त्याला अजून सांगितलं नव्हतं.

थर मोजून झाल्यावर मी पुन्हा गावी गेले. हद्दीची सरकारी पाहणी दोन दिवसांवर आली होती. माळ गुरचरण की राखीव जंगल, ते त्या पाहणीत ठरणार होतं. राखीव ठरला तर खातं आणि कंपनी आपसात सही करणार. गावाचा ठरला तर गावाला विचारावं लागणार. जुना नकाशा वाळवीनं खाल्ला असं कचेरी सांगत होती. उरला होता दगड, आणि १९८५ चा एक पंचनामा: 'दगड पूर्वापार याच जागी आहे.' खाली बाचा अंगठा.

बा घरात दोर वळत बसला होता. आढ्याला एक जुना बांबूचा दांडा बांधलेला होता, माझ्या लहानपणापासून. त्याला कोणी हात लावायचा नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"बा, दगड कोणी हलवला?"

तो दोर वळत राहिला.

"एक्याण्णव वर्षं तो वर होता. मी मोजलं. तू सही केलीस ते खोटं आहे."

"अंगठा केला," तो म्हणाला. "सही नाय."

"कोणी हलवला?"

"मला विचारू नको, पोरी."

"एकोणतीस वर्षं कोणी विचारलं नाही. मी विचारते आहे."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी देऊन टाकायचं आहे आणि हात बांधले आहेत, असं ते पाहणं होतं. मग तो उठून बाहेर गेला.

फुई चुलीपाशी नागलीची भाकर थापत होती. "त्याला छळू नको. तो शपथेखाली आहे."

"कुणाच्या?"

"नवं खातो आपण, तेव्हा हा पहिला घास घेतो का? कधी पाहिलंस? शपथेखालचा माणूस नवं धान्य आधी तोंडात घालत नाय. एकोणतीस सालं तो दुसऱ्यांनी खाल्ल्यावर खातो." तिनं भाकर उलटली. "मी मोहं वेचत होते त्या दिवशी. तूपण होतीस, टोपलीपाशी बसून अर्धी मोहं खात होतीस. लांबून दिसलं. तुझ्या बाचा हात देवावर. कानडेसाहेब शेजारी उभा. ऐकू काही आलं नाय. पण साहेबानं बोट केलं ते तुझ्याकडे."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"वाघदेवावर हात ठेवून शपथ घातली, आणि माणसानं मोडली, तर वाघ त्याचं लेकरू नेतो. हे साहेबाला आपल्यातल्याच कुणीतरी सांगितलं असेल. खात्यातली माणसं हुशार असतात. पंजा कुठं टेकवायचा ते कळतं त्यांना."

मला आश्रमशाळेचा लोखंडी पलंग आठवला. पावसाळी सुट्टीत तिसऱ्याच दिवशी एसटीत बसवून देणारा बा आठवला. जंगलापासून साठ मैल. त्यानं तेही मोजून ठरवलं असणार.

माणसं म्हणतात, राग काळानं निवतो. माझा निवला नव्हता. फक्त त्याला तोवर नाव नव्हतं. त्या दुपारी चुलीपाशी मला ते मिळालं. कानडेसाहेबांनी आमचा माळ घेतला होता, पण त्यासाठी त्यांनी बंदूक वापरली नव्हती, कायदा वापरला नव्हता. माझ्या बापाची माया वापरली होती, आणि देवावरचा गावाचा विश्वास. ते परत मागून मिळणारं नव्हतं. त्यांच्याच तोंडून काढून घ्यायला हवं होतं.

"फुई, अशी शपथ सुटते कशी?"

"ज्यानं घातली त्यानं देवासमोर तीनदा 'सुटली' म्हणायचं. पण तो काय वेडा आहे म्हणायला?"

मी तिला माझ्या मनातलं सांगितलं. ती आधी हसली. मग तिची भाकर करपली, तरी ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तू माझ्या भावाचीच लेक आहेस," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, शाळेनं तुला गरीब करून टाकली."

पाहणीच्या सकाळी दगडाभोवती साठ-सत्तर माणसं होती. नायब तहसीलदार बागवानमॅडम तरुण होत्या, प्रत्येक शब्द लिहून घेत होत्या. कानडेसाहेब पांढरी टोपी घालून जीपमधून उतरले. पाय धुवायला तांब्या कोणी आणला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते जरा जास्तच मोठ्यानं हसत पुढे आले.

बा उशिरा आला. हातात आढ्याचा तो बांबू होता. काठी म्हणून फार लांब होता.

"काय धवळू, ओळखलंस का?"

"ओळखलं, साहेब."

"म्हातारा झालास रे! तुझा भाऊ तो... लहानू?"

"वारला."

"अरेरे." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि तुझी ती पोरगी होती ना एक? मोहाखाली असायची. कुठे असते आता? बरी आहे ना?"

बाची बोटं बांबूवर घट्ट झाली. ऐकणाऱ्यांना ती चौकशी वाटली असेल. ती काय होती, ते तिथे चारच माणसांना कळलं.

"इथेच आहे, सर," मी म्हटलं. मी तीन पावलांवर उभी होते. "बरी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. टोपी उगाच सारखी केली. "भोयेमॅडम... तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुम्ही सासरचं विचारलंत."

बागवानमॅडमनी अहवाल वाचायला सांगितला. मी वाचला. जुन्या गवताखाली पाणी किती मुरतं आणि निलगिरीखाली किती, ते आकड्यांत सांगितलं. दुसरा आकडा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होता. माळ पडीक नाही, झिऱ्याचं पाणी तिथे साठतं आणि पुन्हा गवत आलं तरच ते परतेल, असं सांगितलं. वरच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "धूर त्यांचा आणि झाडं आमच्या पाण्यावर." माणसं हसली. मग मी दगडाचं वाचलं. एकशेवीस, एक्याण्णव, एकोणतीस. खड्डा उघडा होता. मॅडम वाकल्या आणि त्यांनी जमिनीखालचा शेंदूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"म्हणजे १९८५ मध्ये दगड हलला," त्या म्हणाल्या.

कानडेसाहेब तोवर सावरले होते. इतकी वर्षं साहेब राहिलेला माणूस लवकर सावरतो.

"मॅडम, भाषा बघा. कागद म्हणतो, हलला नाही. शेंदूर म्हणतो, हलला. गाव म्हणतं, देव स्वतः चालत आला. ठीक आहे! देवानं हद्द बदलली तर खातं काय करणार?" त्यांनी हात पसरले. "पण हलवला असं म्हणणारा माणूस दाखवा. एक. विचारा धवळूला, पुजारी तोच आहे."

मॅडमनी बाला विचारलं. बा दगडाकडे पाहत राहिला.

"बाई," मॅडम मला हळू आवाजात म्हणाल्या, "शेंदराला सही करता येत नाही. मला माणूस लागेल."

तेव्हा पवळीफुई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"साहेब, एक विचारू? अडाणी बाई आहे."

"विचारा की, आजी."

"तू धवळूला देवाची शपथ घातली होतीस का? बोललास तर वाघानं तुझी लेक न्यावी, अशी?"

 कानडेसाहेबांनी फुईकडे पाहिलं नाही. मॅडमच्या पेनाकडे पाहिलं. पेन थांबलं होतं, कागदाला टेकून.

"छे छे! सरकारी माणूस शपथा घालत हिंडतो का, आजी?"

"म्हणजे नव्हती घातली."

"नव्हती."

"मला काय सांगतोस? त्याला सांग. शेंदरानं कान बुजलेत त्याचे, एकदा बोललेलं ऐकू जात नाय. देवाकडे तोंड करून तीनदा म्हण."

लोक हसले. कानडेही हसले. माणसं हसली की त्यांच्यात मिसळायचं, ही त्यांची जुनी सवय असणार. त्यांनी दगडाकडे तोंड केलं, हातसुद्धा जोडले.

"नव्हती. नव्हती. नव्हती. झालं, आजी?"

"झालं," फुई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. "धवळू, ऐकलंस? ज्यानं घातली तोच देवासमोर नव्हती म्हणतो. जी नव्हतीच, ती मोडणार कशी?"

  मी विज्ञान शिकलेली बाई आहे. तरी बाचे ओठ हलले तेव्हा माझी मान आपोआप जंगलाकडे वळली. उन्हात करवंदीच्या जाळ्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

"देव चालत आला नाय," बा म्हणाला.

आवाज बारीक होता, तरी मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मी आणला. मी आणि लहानू, ह्या दांड्यावर. लहानूला यानं तीन दिवस चौकीतल्या खोलीत कोंडला होता, नांगराला लाकूड तोडलं म्हणून. म्हणाला, दगड उतरव, भाऊ ने. देव चालत आला असं गावाला सांगायचंही यानंच शिकवलं. मग हात ठेवायला लावला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हिच्या जिवावर."

"म्हणजे देव गेलाच नव्हता?" कोणीतरी विचारलं.

"नाय."

"माळ सोडून गेला नव्हता?"

"तो कधीच गेला नाय. आपण त्याला सोडलं, मी सांगितलं म्हणून."

एक म्हातारा पुढे आला आणि बाच्या छातीवर दोन्ही मुठी मारू लागला. "माझी गुरं विकली मी, धवळू! सगळी गुरं विकली!" बाने त्याला अडवलं नाही. फुईनं त्या म्हाताऱ्याला धरून बाजूला बसवलं, तेव्हा तो रडत होता.

"वर कातळावर देव टाचेएवढाच रुतून बसला होता," बा मॅडमना सांगू लागला, "बाजूनं दगड लावून उभा केलेला. यानं सांगितलं, खाली तसाच उभा करा. हा जीपकडे गेला, तेव्हा आम्ही खड्डा खोल केला. कमरेएवढा पुरला. तोंडानं सांगायचं नाय एवढीच शपथ होती. म्हटलं, चालत आलेला देव कमरेएवढा जमिनीत कसा गेला, असं एक दिवस कुणीतरी विचारील." त्यानं खड्ड्याकडे बोट केलं. "खूप वाट पाहिली."

मी खणलेल्या खड्ड्याकडे पाहिलं. थर मोजून मी काहीतरी शोधून काढलं, असं मला इतके दिवस वाटत होतं. तो सूड माझा नव्हता. तो माझ्या आधी, माझ्या दहाव्या वर्षी, दीड फूट खोल पुरून ठेवलेला होता.

"हा म्हातारा भ्रमिष्ट आहे, मॅडम," कानडेसाहेब म्हणाले. "याला काही अर्थ नाही. मी निघतो." ते जीपकडे वळले. पायवाट अरुंद होती, आणि तिच्यावर बायका बसल्या होत्या. त्यांना कोणी अडवलं नाही. फक्त कोणी उठलं नाही.

बागवानमॅडमनी तीन पानं भरून लिहिलं आणि बाला वाचून दाखवलं. बा आश्रमशाळेत मला भेटायला यायचा, तेव्हा पहिल्या वर्गातल्या पोरांच्या पाट्यांवर अक्षरं गिरवायचा. कशासाठी, ते मला आता कळलं. त्यानं अंगठ्याची शाई नको म्हटलं, पेन घेतलं आणि नाव लिहिलं. सावकाश, वाकडं, पूर्ण.

"आता गावाचं म्हणणं काय लिहू?" मॅडमनी विचारलं. "दगडाचं काय करायचं?"

सगळी माणसं बाकडे पाहू लागली. एवढं ऐकल्यावरही देवाच्या बाबतीत बोलायचं ते त्यानंच. त्यानं सदरा काढला. डाव्या खांद्यावर मुठीएवढी गाठ होती, जुन्या ओझ्यानं घट्ट झालेली. बांबू त्यानं दगडाला आडवा टेकवला आणि कमरेचा दोर सोडला. परवा वळत होता तोच. तो दोर खड्ड्यात सोडता सोडता त्यानं वाटेवर खोळंबलेल्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं.

"देव वर न्यायचा," बा म्हणाला. "आज. ह्याच दांड्यावर. मागचं टोक मी धरीन. पुढचं साहेब धरील."